घोड्यावर बसवू का, डॉक्टरसाहेब?

घोडा आणि आम्ही डॉक्टर यांचे नाते तसे जुने आहे. शेतात साप चावलेल्या माणसाला दवाखान्यात जे प्रतिविष टोचतात ते घोड्याच्या रक्तातून काढलेले असते. घोड्याला विषाची अगदी थोडी थोडी मात्रा देतात. त्याच्या रक्तात त्या विषाचा प्रतिकार करणारी द्रव्ये तयार होतात, ती वेगळी काढून शुद्ध करतात आणि बाटलीत भरतात. दर पावसाळ्यात या जनावराच्या कृपेने आपल्या भागातले कितीतरी संसार वाचतात. पण आज घोड्याच्या रक्ताविषयी नव्हे, त्याच्या पाठीविषयी लिहायचे आहे. आणि लिहिता लिहिता स्वतःची एक चूकही कबूल करायची आहे.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. सकाळच्या दवाखान्याची वेळ संपत आली होती. तापीकाठच्या एका गावाहून एक कुटुंब आले. आई, वडील, आजोबा आणि आईच्या कडेवर पाच वर्षांचा मुलगा. हा मुलगा माझ्या ओळखीचा. सातव्या महिन्यात जन्मला, काचेच्या पेटीत राहिला आणि जगला. पण मेंदूच्या ज्या भागातून हातापायांना हुकूम जातात त्या भागाला इजा झाली होती. या आजाराला सेरेब्रल पाल्सी म्हणतात. पाय ताठ, उभे धरले की कात्रीसारखे एकमेकांवर येणारे. बुद्धी मात्र चांगली. सगळे समजायचे, थोडेफार बोलायचा. पण आधाराशिवाय बसता येत नव्हते. खाली ठेवला की एका बाजूला कलंडायचा.

वडिलांनी खिशातून मोबाइल काढून माझ्यापुढे धरला. पडद्यावर एक लहान मुलगी हेल्मेट घालून घोड्यावर बसली होती आणि दोन्ही बाजूंनी माणसे चालत होती.

"आमच्या साडूंनी पुण्याहून पाठवलंय. अशाच मुलांना बसवतात म्हणे. याला घोड्यावर बसवू का, डॉक्टरसाहेब?"

मी हसलो. म्हणालो, "घोड्यावर लग्नात बसवायचं. आत्ता व्यायाम चालू ठेवा." तेही कसनुसे हसले, औषध घेऊन गेले. मला वाटले, विषय संपला.

विषय संपला नव्हता. आजोबांना घोड्यांचा नाद. दत्तजयंतीला सारंगखेड्याची यात्रा त्यांनी कधी चुकवली नाही आणि तिथूनच आणलेली एक घोडी दारात होती. डॉक्टर काही सांगत नाही म्हटल्यावर म्हाताऱ्याने स्वतःच मनावर घेतले. रोज संध्याकाळी नातवाला पुढे घेऊन ते घोडीवर बसत आणि शेतापर्यंत जाऊन येत. पहिले चार दिवस पोरगा हसत होता. नंतर चड्डी बदलताना, पाय फाकवताना रडू लागला. दोन महिन्यांनी ते मुलाला घेऊन माझ्याकडे आले तेव्हा उजव्या पायाला हात लावू देत नव्हता. एक्स-रे काढला. उजव्या मांडीच्या हाडाचा गोळा खुब्याच्या वाटीतून अर्धा बाहेर सरकला होता.

आजोबा मान खाली घालून बसले होते. "माझ्यामुळं झालं का?" असे त्यांनी विचारले. मी खरे ते सांगितले. हाड दोन महिन्यांत सरकत नाही. ते कित्येक महिन्यांपासून हळूहळू सरकत होते. घोडीवर पाय फाकल्याने ते दुखू लागले आणि आपल्याला कळले, इतकेच. सेरेब्रल पाल्सीच्या साधारण दर तीन मुलांपैकी एकाचा खुबा असा सरकतो, कारण मांडीच्या आतल्या बाजूचे ताठ स्नायू हाडाला सतत ओढत राहतात. सुरुवातीला दुखत नाही, म्हणून घरच्यांच्या लक्षात येत नाही. वयाच्या दोन वर्षांपासून अशा मुलांच्या खुब्याचा एक्स-रे वेळोवेळी काढायचा असतो. मी तो या मुलाचा एकदाही काढायला सांगितला नव्हता. ही चूक आजोबांची नव्हती, माझी होती. दुसरी चूक हसण्याची. वडिलांनी विचारले तेव्हाच नीट उत्तर दिले असते तर आधी तपासणी झाली असती. ते उत्तर आता देतो.

घोड्याची चाल, माणसाची चाल

घोड्याच्या पाठीत काही औषध नाही. जे आहे ते त्याच्या चालीत आहे. घोडा कदम चालीने, म्हणजे अगदी साध्या चालीने, चालतो तेव्हा चारही पाय एकामागून एक टाकतो. त्यामुळे त्याच्या पाठीवर बसलेल्या माणसाची कंबर थोडी पुढे-मागे झुकते, थोडी डाव्या-उजव्या बाजूला कलते आणि थोडी वळते. आपण स्वतः चालतो तेव्हाही आपल्या कंबरेची हालचाल जवळजवळ अशीच होते. ज्या मुलाने आयुष्यात एक पाऊल टाकलेले नाही, त्याच्या कंबरेला आणि धडाला चालण्याचा हा अनुभव घोड्यावर बसून मिळतो.

घोडा मिनिटाला साधारण शंभर पावले टाकतो. म्हणजे वीस मिनिटांत दोन हजार पावले झाली. प्रत्येक पावलाला मुलाचा तोल किंचित ढळतो आणि पोट, पाठ, मान यांचे स्नायू तो सावरतात. फिजिओथेरपीच्या टेबलावर कितीही मायाळू माणूस असला तरी एका बैठकीत दोन हजार वेळा तोल ढळवून सावरायला लावणे त्याला शक्य नाही. शिवाय घोड्याचे अंग आपल्यापेक्षा थोडे गरम, ३८ अंश सेल्सिअसच्या आसपास असते. त्या उबेने आणि संथ झुलण्याने ताठ मांड्या थोड्या सैलावतात. आणि मुलाला हा व्यायाम वाटत नाही, हा फायदा लहान समजू नये.

आता गंमत पाहा. यात्रेत घोडा पारखताना आपल्याकडे रेवाल चालीला मोठा भाव. वर बसलेल्याला धक्का लागू नये, अंग हलू नये, ही त्या चालीची तारीफ. उपचाराला नेमके उलटे हवे. वर बसलेल्याचे अंग हलायलाच हवे, पण संथ आणि एका लयीत. म्हणून वरातीत ताशावर नाचणारी किंवा रेवाल चालीची घोडी कितीही देखणी असली तरी या कामाची नाही. इथे हवे असते वयाने पोक्त, शांत, फटाक्याला न बुजणारे आणि मुलाने अचानक किंचाळले तरी उभे राहणारे जनावर.

तीन वेगळ्या गोष्टी

'हॉर्स थेरपी' या एका नावाखाली तीन वेगवेगळ्या गोष्टी चालतात. पहिल्या प्रकारात फिजिओथेरपिस्ट किंवा तत्सम तज्ज्ञ घोड्याच्या चालीचा उपचार म्हणून वापर करतो. मुलाला घोडा हाकायचा नसतो. त्याला कधी पुढे, कधी मागे तोंड करून, कधी आडवे बसवतात. याला हिप्पोथेरपी म्हणतात. दुसऱ्या प्रकारात प्रशिक्षित शिक्षक अपंग व्यक्तीला तिच्या कुवतीप्रमाणे घोडेस्वारी शिकवतो. तिसऱ्या प्रकारात घोड्यावर बसणे आवश्यकच नसते. घोड्याला खरारा करणे, चारा घालणे, त्याला धरून चालवणे यांतून मनाच्या तक्रारींवर किंवा वागण्यातल्या अडचणींवर समुपदेशक काम करतो.

हा विचार जगभर पोचवण्यात डेन्मार्कच्या लिस हार्टेल या बाईंचा मोठा वाटा आहे. त्या आधीपासूनच नावाजलेल्या घोडेस्वार होत्या. १९४४ साली, वयाच्या तेविसाव्या वर्षी, गरोदर असताना त्यांना पोलिओ झाला. मूल सुखरूप जन्मले, पण बाईंच्या गुडघ्याखालच्या पायांत पुन्हा शक्ती आली नाही. घोड्यावर चढायला आणि उतरायला दुसऱ्याचा हात लागे. तरी त्यांनी सराव सोडला नाही. १९५२ साली हेलसिंकी ऑलिम्पिकमध्ये ड्रेसाज या घोडेस्वारीच्या प्रकारात स्त्रियांना प्रथमच प्रवेश मिळाला आणि तिथे पुरुषांच्या बरोबरीने उतरून त्यांनी रौप्यपदक जिंकले. १९५६ साली पुन्हा रौप्यपदक मिळवले. पुढे १९६९ साली ब्रिटनमध्ये आणि अमेरिकेत अपंगांच्या घोडेस्वारीसाठी राष्ट्रीय पातळीवरच्या संस्था स्थापन झाल्या, आणि १९९६ पासून पॅरालिम्पिक स्पर्धांतही घोडेस्वारी आली.

ही गोष्ट मी पालकांना नेहमी सांगतो, पण तिचा अर्धाच भाग ऐकू नका असेही सांगतो. घोड्याने लिस हार्टेल यांना पाय परत दिले नाहीत. जे अंग शाबूत होते त्याच्या बळावर काय करता येते, ते दाखवायला त्याने मदत केली.

खरोखर फायदा होतो का?

प्रामाणिक उत्तर असे की, काही मुलांना होतो, काही बाबतींत होतो. दक्षिण कोरियात चार ते दहा वर्षांच्या ९२ मुलांवर झालेला एक अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. आठवड्यातून दोनदा, अर्धा अर्धा तास, आठ आठवडे हिप्पोथेरपी घेतलेल्या मुलांच्या बसण्या-उठण्याच्या क्षमतेत आणि तोलात, घरी व्यायाम करणाऱ्या मुलांपेक्षा जास्त सुधारणा दिसली. उलट ऑस्ट्रेलियात ९९ मुलांवर झालेल्या आणि २००९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दहा आठवड्यांच्या घोडेस्वारीनंतर मुलांच्या हालचालीत म्हणण्यासारखा फरक आढळला नाही. दोन्ही अभ्यास पद्धतशीर होते. म्हणून 'घोड्याने सेरेब्रल पाल्सी बरी होते' असे कोणी म्हणाला तर त्याच्यापासून चार हात लांब राहावे. मेंदूला झालेली इजा घोडा भरून काढत नाही. धडाचा तोल सुधारायला तो मदत करू शकतो, तीही नेहमीच्या व्यायामाच्या जोडीला. त्याच्या ऐवजी नव्हे.

ऑटिझम म्हणजे स्वमग्नतेच्या मुलांबाबतही २०१५ साली अमेरिकेतला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात सहा ते सोळा वर्षांची १२७ मुले होती. निम्म्या मुलांना दहा आठवडे घोडेस्वारी शिकवली; बाकीच्यांना त्याच तबेल्यात घोड्यांविषयी माहिती दिली, पण खरा घोडा दिला नाही. घोड्यावर बसलेल्या मुलांची चिडचिड आणि अतिचंचलता जास्त कमी झाली, बोलण्यातही थोडी भर पडली. म्हणजे नुसत्या जागाबदलाचा हा गुण नव्हता, घोड्याचाही त्यात वाटा होता.

कोणाला बसवू नये?

खुबा सरकलेला असेल तर शस्त्रक्रिया करणाऱ्या अस्थिरोगतज्ज्ञाने लेखी परवानगी दिल्याशिवाय बसवू नये. फिट्स येत असतील आणि त्या औषधाने आटोक्यात नसतील तर नाही. पाठीच्या कण्याला मोठा बाक असेल, हाडे ठिसूळ असतील, रक्त न थांबण्याचा आजार असेल, बसण्याच्या जागी जखम असेल तर नाही. डाउन सिंड्रोमच्या काही मुलांच्या मानेचे वरचे दोन मणके सैल असतात. धक्क्याने तिथे मज्जारज्जू दबू शकतो. मान दुखणे, चाल बिघडणे, लघवीवरचा ताबा जाणे अशी लक्षणे असतील तर घोड्याचा विचारही नको, आधी तज्ज्ञाला दाखवावे. लक्षणे नसली तरी मानेची तपासणी करून घ्यावी. केसाळ जनावराने दमा उसळत असेल तर तेही आधी सांगावे.

एक गोष्ट घोड्याजवळ जाणाऱ्या प्रत्येकासाठी. घोड्याच्या लिदीत धनुर्वाताचे जंतू असू शकतात. मुलाचे दीड, पाच, दहा आणि सोळा वर्षांच्या सुमाराचे धनुर्वाताचे डोस झाले आहेत का, हे लसीकरणाच्या कार्डावर पाहावे. नाकातून घट्ट स्राव येणाऱ्या किंवा अंगावर गाठी-फोड असलेल्या घोड्याजवळ मुलाला नेऊ नये. ग्लँडर्स हा घोड्यांचा रोग क्वचित का होईना माणसाला होतो.

जाण्यापूर्वी काय विचारावे?

अशी केंद्रे अजून मोठ्या शहरांतच आहेत आणि खर्च बराच आहे. म्हणून पैसे भरण्याआधी एकदा नुसते जाऊन पाहावे आणि काही प्रश्न विचारावेत. मुलाला घेण्यापूर्वी डॉक्टरांची चिठ्ठी आणि एक्स-रे मागतात का? न मागणाऱ्याकडे थांबू नका. फिजिओथेरपिस्ट स्वतः हजर असतो का? सुरुवातीला तीन माणसे असतात का, म्हणजे एक घोडा धरायला आणि दोन मुलाच्या दोन्ही बाजूंना? मुलाच्या मापाचे हेल्मेट आहे का? चढवायला ओटा किंवा उतार आहे का, की मुलाला हाताने वर फेकतात? मुलाला घोड्याला बांधत तर नाहीत ना? बांधणे हा मोठा धोका आहे, कारण घोडा पडला तर मूल त्याच्याखाली सापडते. मोठ्या माणसाने घोड्यावर मागे बसून मुलाला पुढे धरणे हेही घरी करण्यासारखे काम नाही. आणि शेवटचा प्रश्न: तीन महिन्यांनी काय सुधारणा अपेक्षित आहे? 'बघू या' किंवा 'चालायला लागेल' ही दोन्ही उत्तरे चांगली नव्हेत. 'आधाराशिवाय पाच मिनिटे बसता येते का ते पाहू' हे चांगले उत्तर.

शहरात जाणे जमत नसेल तर हातपाय गाळू नका. जिल्हा रुग्णालयात लहान मुलांसाठी शीघ्र हस्तक्षेप केंद्र असते. तिथे तपासणी आणि व्यायामाची सोय मोफत आहे. फिजिओथेरपिस्ट घरच्या घरी करायला एक साधा व्यायाम शिकवतात. घट्ट भरलेल्या लोडावर मुलाला दोन्ही बाजूंना पाय सोडून बसवायचे, मागून कंबर धरायची आणि लोड हळूहळू हलवायचा. घोड्याच्या चालीची सर त्याला नाही, पण तो रोज करता येतो. मात्र हाही खुब्याचा एक्स-रे पाहूनच आणि त्यांनी दाखवल्याप्रमाणेच करावा.

त्या मुलाचे पुढे काय झाले?

खुबा सरकलेला होता म्हणून आधी शस्त्रक्रिया झाली. मांडीचे ताठ स्नायू सैल केले, प्लॅस्टर घातले, नंतर जिल्हा रुग्णालयात व्यायाम सुरू झाला. वर्षभराने एक्स-रे समाधानकारक आला तेव्हा अस्थिरोगतज्ज्ञांनी परवानगी दिली. मग आई मुलाला घेऊन तीन महिने बहिणीकडे पुण्याला राहिली. आठवड्यातून दोनदा, वीस वीस मिनिटे.

परत आल्यावर ते मला भेटायला आले. वडिलांचा पहिला प्रश्न तोच: "चालायला कधी लागेल?" मी त्यांना समजावून सांगितले की, जे मूल दोन वर्षांचे होईपर्यंत आधाराशिवाय बसू लागते त्याच्या चालण्याची आशा चांगली असते. याची ती वेळ निघून गेली होती. वॉकर धरून घरातल्या घरात चार पावले टाकली तरी ते पुष्कळ समजायचे. वडील गप्प झाले. मलाही ते सांगणे जड गेले, पण खोटी आशा दाखवून त्यांचे शेत गहाण पडावे हे त्याहून वाईट.

तेव्हा आई म्हणाली, "डॉक्टरसाहेब, तो पाटावर बसून जेवतो."

तिला काय म्हणायचे आहे ते मला लगेच कळले नाही. ती सांगू लागली. सहा वर्षे ती एका हाताने त्याला मागून धरायची आणि दुसऱ्या हाताने भरवायची. आता भिंतीशी पाट मांडला की तो जेवण होईपर्यंत आपला आपण बसतो. दोन्ही हात मोकळे राहतात. दुधात कुस्करलेली भाकरी स्वतः खातो. अर्धी तोंडात जाते, अर्धी सदऱ्यावर. आणि ती स्वतः त्याच्यासमोर बसून त्याच वेळी जेवते.

यात घोड्याचा वाटा किती, शस्त्रक्रियेचा किती, व्यायामाचा किती आणि त्या बाईच्या कष्टाचा किती, हे मला वेगळे काढून सांगता येणार नाही. कोणी सांगू लागला तर त्याच्यावर विश्वास ठेवू नका.

आजोबांनी घोडी विकायची ठरवली होती. मी अडवले. आता नातू संध्याकाळी चाकाच्या खुर्चीत बसून तिच्या मानेला खरारा करतो. आजोबा तिला घट्ट धरून उभे असतात. ब्रश पकडायला उजव्या हाताची मूठ उघडावी लागते, आणि ती उघडते. हाही उपचारच आहे आणि त्याला पैसे पडत नाहीत.

एवढ्यात आणखी दोन घरांतून मला तोच प्रश्न आला: "घोड्यावर बसवू का, डॉक्टरसाहेब?" आता मी हसत नाही. आधी दोन्ही खुब्यांचा एक्स-रे लिहून देतो, आणि तो घेऊन या म्हणजे बोलू, असे सांगतो.